डाव्या चाकाचं माप

शनिवारी सकाळी राखी वाचत बसली असताना तिला पप्पांनी उठवलं आणि गाडीच्या मागच्या सीटवर नेऊन बसवलं. त्यांना वजन हवं होतं. मागे माणूस बसल्यावर चाक वरच्या पत्र्याच्या किती जवळ जातं, ते मोजायचं होतं. ती पुस्तक हातात घेऊनच बसली. त्यांच्या नाशिक रोडच्या कॉलनीत कुणीतरी गाद्या उन्हात टाकून झोडपत होतं, आणि पप्पा गुडघ्यांखाली गोणपाट घालून डाव्या मागच्या चाकाशी वाकले होते.

“परत पाच,” ते म्हणाले.

गाडी वीस वर्षांची, टर्बो इंजिनाची. नोटांच्या छापखान्यात नोकरीला असतानाच त्यांनी ती एका डॉक्टरांकडून जुनी म्हणून घेतली होती. अजूनही हायवेला नव्या गाड्यांना मागे टाकायची, पण पोट जमिनीला लागलेलं. प्रत्येक गतिरोधकावर खालून खर्रकन आवाज यायचा आणि मम्मी कपाळाला हात लावायची. म्हणून पप्पांना एकशे पंच्याण्णव मिलिमीटर रुंदीच्या टायरांच्या जागी दोनशे पाचचे टायर घालायचे होते. गाडी साडेसहा मिलिमीटर उचलली गेली असती आणि टायर बाहेरच्या बाजूला पाच मिलिमीटर पुढे आला असता. उजवीकडे जागा होती चौदा मिलिमीटर. डावीकडे पाच. म्हणजे डावीकडे टायर घासणारच. एकाच गाडीच्या दोन बाजूंत एवढा फरक कसा, या कोड्यात ते वर्षभर अडकले होते.

छापखान्यात तपासणीच्या टेबलावर त्यांनी तीस वर्षं काढली. रेघ केसभर सरकली तरी त्यांच्या नजरेतून सुटायची नाही. अशा माणसाला गाडीवर संशय यायला हवा होता; त्यांना तो स्वतःच्या डोळ्यांवर आला.

फरक कशाने पडला ते राखीला ठाऊक होतं. बारा वर्षांपूर्वी पप्पा एका लग्नाला रेल्वेने नांदगावला गेले, मम्मीही सोबत गेली, तेव्हा तिने न विचारता गाडी काढली आणि सातपूरजवळ दुभाजकावर घातली. मागची डावी बाजू आत गेली. तिच्या ओळखीच्या गॅरेजवाल्या जीवनने चार दिवसांत पत्रा ओढून, रंग मारून गाडी अशी काही परत दिली, की पप्पांनाही काही दिसलं नाही. आतून किंचित वाकलेलं राहील, असं जीवन म्हणाला होता. चालतं तेवढं, असंही म्हणाला होता.

“राखी, तू वाच गं जरा,” पप्पांनी मापाचा व्हर्निअर तिच्यापुढे धरला. “मला आता दिसत नाही बहुतेक.”

“मला नाही कळत त्यातलं, पप्पा.”

ती पुण्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्या आठवड्यात ती व्हर्निअरच वाचायला लावायची.

“मग तुझ्या पोरांचं कठीण आहे,” पप्पा हसत म्हणाले. सोमवारी डोळे तपासून घेतो, म्हणाले, आणि गुडघे झटकत उठले. रविवारी सकाळी ते अंघोळीला गेले आणि बाहेर आले नाहीत.

पप्पांचा जलदानविधी झाला, पाहुणे पांगले. मम्मीला माहेरी नांदगावला जायचं होतं आणि जुन्या टायरांना भेगा पडल्या होत्या. त्यांच्या मनात होते तेच टायर घाल, एवढंच ती म्हणाली.

राखीने दोन दिवस दुकानं पालथी घातली. मुंबई नाक्याच्या दुकानदाराने आधी, साहेब येणार आहेत का, असं विचारलं. नाही म्हटल्यावर सतरा इंची चकचकीत रिंगा काढून दाखवल्या. त्या घातल्या तर गाडी आणखी आदळेल, हे तिने आकडेमोड करून सांगितलं. त्याने आकड्यांकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, सगळे हेच घालतात. दुसऱ्या दुकानात, उगाच डोकं लावू नका, जुनंच माप घाला, असा सल्ला मिळाला. तिला संताप आला, कारण वर्षभर ती स्वतः पप्पांना हेच सांगत आली होती. मोबाइलवर टायरच्या मापांचा प्रत्येक तक्ता वेगळंच सांगत होता. प्रत्येक काउंटरवर ती मिलिमीटरवरून भांडली. डावी बाजू ठोकलेली आहे, एवढं मात्र तिच्या तोंडून निघेना.

सिन्नर फाट्यापुढच्या दुकानाचा मालक शेखर निदान ऐकून घेणारा निघाला. एक टायर लावून बघू, पटलं तर घ्या, म्हणाला. त्याने उजवीकडे मागे दोनशे पाचचा टायर चढवला, जॅक उतरवला आणि मम्मीला वजनासाठी मागे बसवलं. टायर आणि पत्र्यामध्ये त्याची पेन्सिल न अडकता गेली. झालं काम, म्हणत तो डावीकडे वळला.

डावीकडे जागा कमी आहे, असं राखीने सांगितलं. पप्पांच्या अक्षरातला कागद दाखवला. उजवीकडे चौदा एकदाच लिहिलेलं होतं. डावीकडचे पाच अकरा वेळा, अकरा तारखांना.

शेखरने कागद परत दिला. “ताई, राग मानू नका. काकांचं माप चुकलंय. गाडी काय एका कुशीवर झोपते का?”

“चुकलंच असणार हो,” मम्मी आतून म्हणाली. “दिसत नव्हतं त्यांना शेवटी शेवटी. एकदा रडले माझ्यापाशी. म्हणाले, संध्या, तीस वर्षं ज्या डोळ्यांवर खाल्लं ते गेले.”

हे राखीला कुणी सांगितलं नव्हतं.

शेखरने डावीकडे जॅक लावला. आता गप्प राहिलं तर टायर बसेल, नांदगावच्या वाटेवर कुठेतरी घासून फाटेल, आणि जो तो म्हणेल, पप्पांचं शेवटी शेवटी सगळंच चुकत होतं. तिने शेखरला हाताने थांबवलं. मागचं दार उघडलं आणि मम्मीच्या समोर उकिडवी बसली.

“मम्मी, पप्पांचे डोळे चांगले होते,” ती म्हणाली. “तुम्ही नांदगावला गेला होतात तेव्हा ही गाडी मी ठोकली. तिथेच, डावीकडे. ते वर्षभर बरोबर मोजत राहिले, आणि मी बघत राहिले.”