पाण्याच्या नळाजवळची सूचनापेटी

या मित्रांनो, जवळ येऊन बसा. घटकाभराची गोष्ट आहे.

मी एक जुनी सूचनापेटी आहे. देवाने मला तोंड दिले नाही, पण वरच्या बाजूला एक फट दिली. लोकांनी मनातले लिहून टाकावे आणि मी ते जपून ठेवावे, एवढेच माझे काम. सुताराने मला घासूनपुसून गुळगुळीत केले आणि तापखोकल्याबरोबर एचआयव्हीचीही तपासणी व औषधे मिळणाऱ्या दवाखान्यात आणून दिले.

तिथे मला टांगले कुठे, तर नोंदणीच्या खिडकीशेजारी, थेट कारकुनाच्या नाकासमोर! समोर बाकांवर माणसे बसलेली. कोणी चिठ्ठी काढली, की कारकून चष्म्यावरून बघायचे. त्यामुळे वर्षभर माझ्या पोटात धूळ सोडून काही पडले नाही. डॉक्टरबाई मात्र समाधानाने म्हणायच्या, "एकही तक्रार नाही. लोक खूश दिसतात."

एकदा झाडलोट करणाऱ्या मावशी त्यांना म्हणाल्या, "बाई, भर चौकात कोणी मनातलं बोलतं का? हिला आत नळाजवळ लावा. पाणी प्यायला सगळेच जातात."

"तुमचं आपलं काहीतरीच, मावशी," बाई हसल्या. पण त्यांनी ऐकले.

नळाजवळ आल्यावर माझे दिवस पालटले. कोणी लिहायचे, वेळ वाढवा. कोणी लिहायचे, तपासणीच्या खोलीचे दार लागत नाही.

एके सकाळी एक शिंपीणताई आल्या. मोजमापाची टेप गळ्यातच राहिली होती. त्यांनी नळाशी नुसता हात ओला केला, इकडेतिकडे पाहिले, चिठ्ठी टाकली आणि औषध न घेताच निघून गेल्या. मावशींनी ते पाहिले आणि फडके तिथेच टाकून त्या बाईंकडे गेल्या.

"पेटी आजच उघडा."

"महिनाअखेरीला उघडतो ना आपण?"

"माणूस रिकाम्या हाताने परत गेलंय, बाई. महिनाअखेर कशाला बघायची?"

बाईंनी कुलूप काढले. चिठ्ठीवर नाव नव्हते. 'तापखोकल्याला पांढरे कार्ड आणि आम्हाला पिवळे. पिवळे म्हणजे काय, हे साऱ्या रांगेला कळते. आज रांगेत शेजारीण आहे. घरी दोन दिवसांच्या गोळ्या उरल्यात. पुढच्या मी घेणार नाही.'

बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग त्यांनी कारकुनांना हाक मारली. पांढरा कागद आला, खळ आली. संध्याकाळपर्यंत कारकून एकेका पिवळ्या कार्डावर पांढरे वेष्टण चढवत होते. "आम्हाला वाटलं, रंगाने काम सोपं होतं," ते पुटपुटले.

"तुमचं झालं," मावशी म्हणाल्या, "त्यांचं नाही झालं."

त्या दिवशी तिघांनी औषध नेले नव्हते. दवाखान्यातल्या समुपदेशकताईंनी तिघांनाही फोन लावले. घरच्यांना कळू नये म्हणून, ज्याचा फोन त्यानेच उचलला, तरच त्या बोलल्या. "आता सगळ्यांना एकच पांढरं कार्ड आहे. उद्या याल ना?"

दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी शिंपीणताईंचा पत्ता नव्हता. मावशींचा झाडू दारापाशीच घुटमळत होता. खिडकी बंद व्हायच्या बेतात ताई आल्या. कार्ड हातात घेऊन त्यांनी उलटेसुलटे पाहिले आणि रांगेत उभ्या राहिल्या. पुढे तीच शेजारीण!

"अगोबाई, तुम्हीपण? माझा तर खोकलाच हटत नाही."

"हो ना," ताई म्हणाल्या. "गोळ्या संपत आल्यात. त्याच न्यायला आलेय."

मित्रांनो, मला लाकडाला डोळे असते, तर भरून आले असते.

तुम्ही कुठेही काम करा, पण गप्प माणसाला खूश समजू नका. त्याला बोलता येईल अशी जागा द्या, आणि तो बोलला, की त्याच दिवशी ऐका.

त्या तिघांपैकी दुसरे आठवड्याने आले. तिसऱ्यांचा फोन अजून नुसताच वाजतो. त्यांचे पांढरे कार्ड समुपदेशकताईंच्या खणात तयार आहे. तुम्ही देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्यांची तेवढी आठवण ठेवा.