माझ्या अंगातलं मीठ

मित्रांनो, एका जागी गप्प उभं राहायला सांगाल, तर ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. मी ट्रॅक्टरमागची एक ट्रॉली. आता वय झालं, पण चुळबुळ काही गेली नाही. रस्त्यानं एखादा ट्रॅक्टर धडधडत गेला की माझे बाजूचे फाळके आपोआप वाजू लागतात. लोक म्हणतात, वारा सुटला. वारा कसला, मीच असते ती.

माझा जन्म हथखोजचा. तिथल्या एका लहानशा कारखान्यात मला जोडलं, दोन चाकं दिली आणि पुढे एक लांब लोखंडी दांडा दिला. हा दांडा म्हणजे माझी मान. तो ट्रॅक्टरला अडकवला की मी चालते. पन्हळीसारख्या दोन पट्ट्या समोरासमोर ठेवून तो जोडला होता, म्हणून आतून पोकळ होता. ही पोकळी लक्षात ठेवा, कारण माझं सगळं रामायण तिथेच घडलं.

मला नरहरीनं विकत घेतलं. नरहरीचे वडील तुमसरकडून रेल्वेच्या नोकरीत हथखोजशेजारच्या चरोद्याला आले आणि तिथलेच झाले. नरहरीनं मात्र ट्रॅक्टर घेतला. मागच्या फाळक्यावर एम.पी.चा नंबर रंगवला (तेव्हा आमचा भाग एम.पी.तच होता) आणि मी कामाला लागले. कुणाच्या ट्रॉलीला मुरूम मिळतो, कुणाच्या ट्रॉलीला विटा. माझ्या वाट्याला मीठ आलं. गुजरातकडून मालगाडीनं मिठाच्या गोण्या यायच्या, त्या मी दुकानदारांच्या गोदामात पोचवायची. समुद्र मी जन्मात पाहिला नाही, पण गोण्यांत भरून तो रोज माझ्या पाठीवर बसत होता.

गोण्या म्हटल्या की मीठ सांडणार. पावसाळ्यात तर त्यांना पाझर फुटायचा. ते खारट पाणी माझ्या तळाच्या फटीफटीत शिरायचं. संध्याकाळी नरहरी मला सोडायचा, तेव्हा माझी मान खाली टेकायची. मग सगळं पाणी उतारानं पुढे येऊन दांड्याच्या पोकळीत साचायचं आणि तिथेच राहायचं. मला अशी खाज सुटायची म्हणून सांगू! आणि खाजवायला हात नाही.

बादलीभर साध्या पाण्यानं भागलं असतं. नरहरीची बायको तारा एकदा बादली घेऊन आलीही होती. तारा पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दहामध्ये वाढलेली, तिच्या मराठीत हिंदी कधी शिरायची ते तिलाही कळायचं नाही. तिनं पहिला तांब्या ओतला मात्र, सासू अंजनाबाई ओसरीवरून उठून आली.

"काय करून राहिली वं?"

"धुऊन राहिली, आई. नमकानं लोहा सडते न."

"मीठ नालीत सोडतं? अवं, मीठ म्हणजे लक्ष्मी. सांडलं तर पापणीनं वेचा लागते मेल्यावर. ठेव ते बादली."

तारानं बादली ठेवली. अंजनाबाईनं माझ्या तळावरचे मिठाचे खडे हातानं गोळा केले, कपाळाला लावले आणि एका डब्यात भरले. ती बाई वाईट नव्हती हो. एक खडा पायाखाली येऊ द्यायची नाही. पण दिसत होतं ते वेचलं, विरघळून आत गेलेलं तिला कुठून दिसणार? त्या दिवसापासून मला पाणी लावायचं नाही, असा घरचा नियमच झाला.

दसऱ्याला नरहरी मला रंग द्यायचा. आधीचा गंज घासायचा नाही, जुन्या रंगावरच नवा लाल हात मारायचा. वर हार, नारळ, हळदकुंकू. येणारेजाणारे म्हणायचे, "नरहरीची ट्रॉली म्हणजे नवरीच दिसते." मी आतल्या आत चिडायची. बडा घर, पोकळ वासा! रंगाखाली पोपडे सुटत होते आणि दर दसऱ्याला त्यांच्यावर आणखी एक पदर चढत होता.

स्वतःची मला एवढी चिंता नव्हती. घोर लागला होता तो पोरांचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. पोरं आपापले लाकडी बैल सजवतात. चरोद्याच्या रेल्वे वसाहतीतली मराठी पोरं दरवर्षी माझ्यात बसून सेक्टर दहाला जायची, तिथे सगळ्यांचे बैल एका तोरणाखाली उभे राहायचे. मला तो दिवस फार आवडायचा. गोण्यांऐवजी पोरांचा भार, तोही गाणी म्हणणारा. नरहरीची लेक प्रेमला तर अगदी पुढे, दांड्याच्या मुळाशी बसायची. वारा लागतो म्हणायची.

त्या वर्षी मला कळून चुकलं होतं की हा दांडा आता पोरांचा भार पेलणार नाही. गचका बसला की आत कर्रर्र व्हायचं. वाटेत पुलाचा चढ आहे. तिथे मान तुटली तर मी पोरांसकट मागे घरंगळत जाणार. हे सांगायचं कुणाला? मी फाळके वाजवले. चाक अडवून पाहिलं. नरहरीनं चाकाला ग्रीस लावलं आणि म्हणाला, "आता कशी शांत झाली." शांत कसली, माझा जीव टांगणीला लागला होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. हळद आणि तूप गरम करून पळसाच्या पानानं खांद्यांना चोळतात आणि उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात. अंजनाबाईच्या माहेरी बैल होते. इथे बैल नाहीत म्हणून तिनं कधी रीत मोडली नाही. दरवर्षी ती ट्रॅक्टरच्या पुढच्या भागाला हळद लावायची. त्या वर्षी ट्रॅक्टर दुरुस्तीला गेला होता, तो पोळ्याच्या दिवशी परत यायचा होता. ती वाटी घेऊन अंगणात थबकली. मग माझ्याकडे आली.

"तू बी त ओढतंच न वं माय," म्हणाली आणि माझ्या दांड्याशी बसली.

इतक्या वर्षांत माझ्या मानेवरून कुणी मायेनं हात फिरवला नव्हता. कोमट तूप, पळसाचं पान, तिचा खरखरीत अंगठा. ती पुटपुटत होती, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मला रडूच येत होतं. आणि चोळता चोळता तिचा अंगठा रंगातून सरळ आत गेला.

तिनं हात मागे घेतला. अंगठ्याला तांबडा चिखल लागला होता. तिनं वास घेतला, जिभेला लावून पाहिला. खारट होता. तिनं तिथूनच हाक मारली.

"नरहरी, इकडे ये."

नरहरी आला. खाली वाकून म्हणाला, "थोडंसं सडलं, माय. मंग पोळा झाला का पट्टी मारून घेतो. परवा हळू चालवीन. पोरं वाट पाहून राहिले न."

"हातोडा आन."

"कावून?"

"आन म्हणलं न."

नरहरीनं हातोडा आणला. सडलेलं दिसू नये म्हणून हलकेच मारला. दांड्याचा तुकडा कोरड्या भाकरीसारखा मोडला आणि आतून तांबडं खारट पाणी त्याच्या पायांवर पडलं. त्यानं दुसरा घाव घातला नाही. प्रेमला दारात उभी होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि खालीच बसला.

"इथंच बसते न पोरगी," अंजनाबाई म्हणाली.

तान्ह्या पोळ्याला पोरं लोकल गाडीनं गेली. लाकडी बैल मांडीवर घेऊन आगगाडीत बसायचं, म्हणून ती उलट जास्तच खुश होती. माझ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण संध्याकाळी सगळी परत आली, आणि मी अंगणातूनच एक एक डोकं मोजलं.

त्याआधी, दुपारी, घर रिकामं असताना अंजनाबाईनं ताराला हाक मारली होती. "बादली आन पोरी. तुवंच बराबर होतं."

तारा बादली घेऊन आली, पण ओतेना. "आई, लक्ष्मी आहे म्हणत होते न तुम्ही?"

अंजनाबाईनं माझ्यापुढे हात जोडले. "हाव, आहे. गणपतीले पाण्यात सोडतो, गौरीले सोडतो. तवा फेकलं म्हणतो का आपण? बोळवण करा लागते. मले नाई सुचलं. टाक पाणी."

दोघींनी मिळून मला धुतलं. बादलीमागून बादली, पाण्याची चव खारट लागेनाशी होईपर्यंत. पुढे नरहरीनं नवा दांडा बसवला. त्याच्या तळाशी पाणी निघायला भोकं पाडली. गंज पार लोखंडापर्यंत घासून काढला, तांबडा अस्तराचा रंग दिला आणि मग वरचा. उभी करताना तो आता मानेखाली ड्रम ठेवतो, पाणी मागून निघून जातं. मिठाची खेप झाली की त्याच संध्याकाळी माझी अंघोळ. फटींना काळं तेल. दिसायला मी पूर्वीइतकी देखणी नाही, आणि मला त्याचं काही नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरी सायकल असेल, पंप असेल, शिवणयंत्र असेल. दसऱ्याला त्यांना हार घाला, कुंकू लावा, आम्हांला आवडतं ते. पण लांबून कुंकू फेकून मोकळे होऊ नका. जवळ बसा, अंगभर हात फिरवा, दाबून पाहा. आमचं दुखणं आम्हांला ओरडून सांगता येत नाही, आणि ते कळलं नाही तर मोडणारे आम्ही एकटेच नसतो. आमच्या पाठीवर तुमचीच पोरं बसलेली असतात.