भिकुबाईचा डावा जबडा

मित्रांनो, मी एक जुनी, झिजलेली चकती आहे. कानापुढे बोट ठेवा आणि तोंड उघडून मिटा. हलतं ना काहीतरी? तिथे दोन हाडांच्या मध्ये कूर्चेची मऊ गादी असते. तीच मी. पारोळ्याजवळच्या भिकुबाईच्या डाव्या जबड्यात त्रेसष्ट वर्षं राबते आहे. दात पडला तर लोक हळहळतात. माझं मेलीचं नावही कुणाला ठाऊक नाही!

मी घडले भिकुबाईच्या आईच्या, दगडीबाईच्या पोटात. कुठला अवयव कसा घडवायचा याचं टिपण आपल्या जनुकांत असतं. अर्धं आईकडून येतं, अर्धं बापाकडून. दगडीबाईकडून आलेल्या टिपणात माझी वीण जरा विरळ होती. म्हणून मी जन्मापासूनच नाजूक, आणि माझ्याखालचं हाडही थोडं आखूड. पण तेवढ्यानं कुणी मोडत नाही. नीट जपलं असतं तर मी निभावून नेलं असतं.

जपणार कोण? भाजलेले चिंचोके फोडायचे दातांनी, गोधडीचा दोरा तोडायचा दातांनी, राग आला की करकरा दात खायचे. सोळाव्या वर्षीच मी कटकट वाजू लागले. सतराव्या वर्षी भिकुबाईचं लग्न झालं आणि श्रावणात सासरी कानबाई देवी बसली. त्या घरची रीत कडक. कानबाईचे रोट, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्या, भाऊबंदांनीच खायच्या, पुनवेच्या आत संपवायच्या, कणही वाया घालायचा नाही. चार दिवसांत रोट वाळून खडखडीत झाले. भिकुबाईला चावेनात. सासू म्हणाली, "नवरी नखरा करस." घाबरून तिनं दोन रोट गुपचूप म्हशीला घातले.

तेव्हापासून जबड्यात कळ आली की ती कानबाईचा कोप समजायची. अहो, कोप कसला! मी आधीपासून दुखत होते, म्हणून तर रोट चावले नाहीत. पण मला बोलता कुठे येतं? शेहेचाळीस वर्षं तिनं ना नवऱ्याला सांगितलं, ना डॉक्टरला. मी झिजत गेले. आता मधोमध भोक पडलंय. फार थकले हो.

या श्रावणात अमळनेरहून तिच्या लेकीचा, सुनिताचा फोन आला. चौदा वर्षांच्या नातीचा, पुनमचा जबडा जांभई देताना अडकला होता. भिकुबाईनं फोन ठेवला. "मन्हं पाप पोरले लागनं," म्हणाली. मग देवीची माफी मागायला तिनं टोपलीतले सगळ्यात कडक रोट उचलले आणि डोळे मिटून चावत राहिली. हाडावर हाड घासत होतं. नातीसाठी सोसत होती बिचारी, पण माझा जीव जात होता.

दुसऱ्या दिवशी मायलेकींबरोबर तीही धुळ्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाचा जबडा असा वाजतो?"

"नाही," सुनिता म्हणाली. तिला काय ठाऊक! भिकुबाईनं तोंडावर पदर घट्ट धरला.

"नीट आठवा. घरात असेल तर पोरीला आत्तापासूनच जपावं लागेल."

भिकुबाईनं पदर काढला. "मना वाजस," ती म्हणाली, आणि म्हशीची गोष्टही सांगून टाकली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

"आणि तुमच्या आईचं, आजी?"

"मनी माय बठ्ठं आयुष्य एकच बाजूनं चावे..." भिकुबाई थबकली. "तिनी तं कधी रोट वाया घाला नही!" आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडली.

"हे वारशानं येऊ शकतं, आजी," बाई म्हणाल्या. "पण आलं म्हणजे झिजलंच पाहिजे असं नाही. कडक चावायचं नाही, दात खायचे नाहीत, रात्री दातांवर पट्टी लावायची. पुनमचं वेळेवर कळलंय."

मित्रांनो, माझं आता काही व्हायचं नाही. पण पुनमच्या जबड्यातली चकती अजून कोवळी आहे. तुमच्याही अंगात कुणाकुणाचा वारसा असेल. तेव्हा घरातल्या मोठ्यांना काय दुखतं ते विचारा, आणि आपलं दुखणं भिऊन लपवू नका.

परतीच्या बसमध्ये पुनमनं विचारलं, "आजी, खूप दुखतं का गं?"

शेहेचाळीस वर्षांत हे कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं.

"हाव, माय," भिकुबाई म्हणाली, "भलतं दुखस."