गिअरपेटीतली घरघर

गाडीला आवाज लागला तो नवरा गेल्यावर, अशी आक्काची पक्की समजूत होती. माणूस होता तोवर गाडीने हूं की चूं केलं नव्हतं. त्याची पाठ वळली आणि गिअरपेटी दमेकऱ्याच्या छातीसारखी घरघरायला लागली.

सल्ले द्यायला मात्र घर भरलेलं. थोरला गाडी मोठ्या गॅरेजात दाखवून आला. ते म्हणाले, आतलं बेअरिंग गेलंय, पण आम्ही पेटी उघडत बसत नाही, अख्खी नवी घालतो. त्यापेक्षा गाडीच विकून मोकळं व्हावं, हे थोरल्याने स्वतःच्या पदरचं जोडलं आणि रविवारी गिऱ्हाईकही बोलावून ठेवलं. जावयाने मोबाईलवर व्हिडिओ बघून छातीठोकपणे सांगितलं, नुसतं ऑइल बदला. बदललं. घरघर होती तशीच, जावयाची नवी पँट तेवढी कामातून गेली.

"एक म्हणतो तेल बदला, दुसरा म्हणतो पेटी बदला, तुझं म्हणणं गाडीच बदला," आक्का थोरल्याला म्हणाली. "आई बदला म्हणणारा अजून भेटला नाही, हे नशीब."

"आक्का, गाडीचंही वय होतं गं. बाबांनीही शेवटी शेवटी लक्ष दिलं नसेल."

हे तिला झोंबलं. ज्या माणसाने काचेवर कधी बोटाचा ठसा राहू दिला नाही, त्याने लक्ष दिलं नाही?

"काढ गाडी," ती म्हणाली. "तुझे बाबा ज्या मिस्त्रीकडे जायचे त्याच्याकडे चल. तोही विका म्हणाला, तर रविवारी मी स्वतः किल्ली देईन."

ती मागे बसली. हल्ली ती मागेच बसे. पुढची डावी जागा तिची होती, पण ती संध्याकाळची. दिवसाची कामं उरकली की नवरा-बायको दोघं निघायची. कुठे, तर कुठेच नाही. पुलापर्यंत जायचं आणि वळून यायचं. स्टिअरिंगला तिने उभ्या जन्मात हात लावला नव्हता, पण गाडी तीच चालवायची. "ट्रक बघा. अहो, गिअर टाका की, कण्हतेय बिचारी. त्याला जाऊ द्या पुढे, त्याचं लग्न लागायचंय." मधेच सुनेची तक्रार, शेजारणीचा मुखवटा उतरवणं, पुन्हा ट्रक. तो रस्त्याकडे बघत नुसता हसे.

मिस्त्रीने बॉनेटला हातही लावला नाही. आत बसला, इंजिन चालू ठेवून गाडी न्यूट्रलला घेतली आणि क्लच दाबला. आवाज बंद. सोडला, घरघर सुरू. पुन्हा दाबला, पुन्हा गप्प.

"क्लच दाबला की पेटीतला दांडा थांबतो, म्हणून आवाज जातो," तो खाली उतरत म्हणाला. "गॅरेजवाले बरोबर बोलले, बेअरिंगच आहे. नुसतं तेवढंही बदलता येईल. पण पेटी खाली उतरवावी लागेल, आणि आतल्या गिअरच्या दातांचं काय झालंय ते उघडल्याशिवाय मी शब्द देणार नाही."

"एवढ्यात कसं गेलं?" आक्काने विचारलं.

"एवढ्यात कुठलं? जुनं दुखणं आहे. साहेबांच्या कानावर मी केव्हाच घातलं होतं."

थोरल्याने आईकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला होता.

"मग केलं का नाही त्यांनी?"

मिस्त्री फडक्याला हात पुसत राहिला. "रागावू नका, ताई. ते म्हणाले, पेटी उतरवली की गाडी तुझ्याकडे अडकणार आणि आमचं फिरणं बुडणार. आणि आवाजाचं म्हणशील, तर बाजूला बाई बोलत असते, मला कुठे काय ऐकू येतंय."

थोरला फसकन हसला. आक्का हसली नाही. त्या सगळ्या संध्याकाळी ही घरघर त्यांच्याबरोबर पुलापर्यंत जाऊन परत येत होती तर. गाडी तीच होती, दुखणंही तेच. गाडीतलं बोलणं तेवढं थांबलं होतं.

"त्या रविवारच्या माणसाला काय सांगू?" थोरल्याने हळूच विचारलं.

"येऊ नको म्हणून सांग." मग ती मिस्त्रीकडे वळली. "उतरवा पेटी. दात गेले असतील तर दातही नवे बसवा. माझेही बसवलेलेच आहेत."

थोरला टॅक्सी बघायला रस्त्यावर गेला. आक्काने कोपऱ्यातलं स्टूल पायाने ओढलं, त्यावरचे नटबोल्ट बाजूला सारले आणि ऐसपैस बसली.

"हं, आता सांगा," ती म्हणाली. "आणखी काय काय बोलायचे माझ्याबद्दल? वाईट असेल ते आधी सांगा."