अठरा होड्यांचा चमत्कार

"हल्ली लाल वायरसुद्धा पूर्वीसारखी लाल येत नाही," आबा पुटपुटले. "सगळा माल मेला भुरकट. कंपन्यांनी लाज सोडलीय."

शिडाच्या होडीच्या पोटात, जिन्याखालच्या स्विचबोर्डपाशी, सासरे आणि सून गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. आबांच्या हातातली वायर इतकी लाल होती की डोळ्यांत खुपावी. सूनबाईंनी वायरीकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं आणि नेहमीसारखंच म्हटलं, "हो ना. दुकानदाराला सांगायला हवं."

होड्या दुरुस्त करायच्या त्या यार्डात सगळेच आबांना असं सांभाळून घेत. मुकादमाला त्यांनी तीनदा बल्ब बदलायला लावला, तेव्हा तो म्हणाला, "वीजच कमी येतेय, आबा." रंगाऱ्याला त्यांनी दोन हातांवरून "कोण रे तू?" विचारलं, तर तो म्हणाला, "दाढी काढली ना, म्हणून ओळखू येत नाही." त्याला जन्मात दाढी नव्हती. चाळीस वर्षं यार्डातल्या प्रत्येक होडीचं वायरिंग आबांनी केलं होतं आणि निम्म्या यार्डाला पकड धरायला त्यांनीच शिकवलं होतं. अशा माणसाला तोंडावर काय सांगायचं आणि कोणी सांगायचं?

सूनबाईही त्यांच्याच शेजारी बसून शिकलेल्या. शाळा अर्धी, पण कामाची तपासणी त्यांच्याकडे होती. जेवणाच्या सुट्टीत सगळे धक्क्यावर डबे उघडायला गेले की त्या स्विचबोर्ड उघडत आणि आबांचा एकेक जोड ओढून पाहत. जो हातात येईल तो कापून नवा करत, वर आबांसारखीच काळी टेप गुंडाळत. मग वहीत लिहीत, 'काम उत्तम.' हे काही खोटं नव्हतं. काम कोणाचं, तेवढंच लिहायचं राहून जाई. दोन वर्षांत अशा अठरा होड्या झाल्या.

आणि या अठरा होड्यांच्या जिवावर करंटबाबा मोठे झाले.

बाबा संध्याकाळी येत. पांढरे गमबूट, निळा चष्मा, खांद्याला पिशवी. दुरुस्त झालेल्या होडीच्या डोलकाठीला एक हात लावायचा आणि दुसऱ्या हातात बल्ब धरायचा. काम शुद्ध असेल तर बल्ब पेटणार. ना वायर, ना बॅटरी, नुसत्या हातात! बाबांनी पास केलेल्या एकाही होडीचा दिवा समुद्रात विझला नव्हता, हे तर सगळ्यांना ठाऊकच होतं. मालक मंडळी मग मीटर कशाला लावतील?

आज घोटाळा झाला तो वाऱ्यामुळे. वारा संध्याकाळी फिरणार, म्हणून होडीच्या मालकांना दुपारच्या आतच निघायचं होतं. मालक दातांचे डॉक्टर. एक्स-रे काढल्याशिवाय कोणाच्या दाढेला हात न लावणारे. त्यांनी बाबांना सकाळी अकरालाच बोलावलं आणि जेवणाची सुट्टी व्हायच्या आधीच धक्क्यावर पन्नास माणसं जमली.

"लेकरांनो, तार म्हणजे नाडी!" बाबांनी डोलकाठीवर पंजा ठेवला. "आणि मी नाडी धरतो! तारेला भाव लागतो, भाव! मीटरला भाव कळतो का?"

"नाही!" गर्दी म्हणाली.

बाबा थरथरले. डोळे पांढरे झाले. बल्ब भक्कन पेटला. पन्नास तोंडांतून एकच "आहाहा!" निघालं.

"या होडीतली सगळी निगेटिव्ह मी खेचून घेतली आहे!"

"निगेटिव्ह काढली तर दिवे लागतील कसे?" आबा गर्दीत कुरकुरले, पण भक्तीच्या वेळी वायरमनचं कोण ऐकतं!

बाबा खाली उतरले आणि स्विचबोर्डवर अंगठ्याचा ठसा उमटवलेला कागद चिकटवून आले. "होडी परत येईपर्यंत हा शिक्का फोडायचा नाही. प्रवाह रुसतो."

सूनबाई होडीवर चढल्या. बोर्डामागचा एकही जोड त्यांनी अजून ओढून पाहिला नव्हता. आणि ही होडी घेऊन चार दिवस खुल्या समुद्रात जाणार होती त्यांची लेक. डॉक्टरांनी होडी चालवायला तिलाच ठेवलं होतं. तिची ही पहिलीच लांबची फेरी.

"आई, उतर गं खाली. दोर सोडतेय मी."

"बोर्ड उघडल्याशिवाय नाही."

"अगं, आजोबांनी केलंय आणि करंटबाबांनी पास केलंय. आता काय राहिलं?"

"वहिनी, शुभ कामात का मोडता घालताय?" डॉक्टर म्हणाले. "तुम्ही स्वतः पाहिलंत ना? बल्ब पेटला."

पाहिलं होतं. गंमत अशी की बल्ब का पेटतो हेही त्यांना तीन महिन्यांपासून ठाऊक होतं. स्वयंपाकघरातला बल्ब ओल्या हातानं बदलताना तो त्यांच्याच मुठीत पेटला होता. त्या एकट्याच खो खो हसल्या आणि मग गप्प बसल्या. बाबांचा बल्ब पेटत होता तोवर आबांच्या जोडांकडे कोणाची नजर जात नव्हती. भोंदू आणि तपासनीस, दोघांचं एकमेकांशी न बोलता छान चाललं होतं.

त्या उतरल्या, फाटकाजवळच्या दुकानात गेल्या आणि एक बल्ब घेऊन आल्या. खोक्यावर ठळक छापलं होतं, 'वीज गेली तरी उजेड'.

"डॉक्टर, खोकं तुम्हीच फोडा. बल्बच्या बुडाला मधे ठिपका आहे ना, त्याला एक बोट. आणि कडेच्या पत्र्याला अंगठा."

डॉक्टरांनी बोट लावलं. बल्ब पेटला. डॉक्टर असे दचकले की बल्ब खालीच पडायचा.

"तुम्ही कोणाची निगेटिव्ह खेचली म्हणायची?" सूनबाईंनी विचारलं. "आत छोटी बॅटरी असते. बोटामुळे दोन टोकं जोडली गेली की हा पेटतो, बोट काढलं की विझतो. याला होडी लागत नाही, डोलकाठी लागत नाही आणि बाबाही लागत नाहीत."

बल्ब हातोहात फिरला. मुकादमाच्या हातात पेटला, मागोमाग आलेल्या दुकानदारीणबाईंच्या हातात पेटला. रंगारी डोळे पांढरे करून थरथरायला लागला. "लेकरांनो, मला गमबूट आणा रे!" धक्का हसून हसून लोळायचा बाकी राहिला.

बाबा मात्र मुरलेले. ते शांतपणे म्हणाले, "हसा. बल्ब काय, निमित्त आहे, माई. पण अठरा होड्या! एकीचा तरी दिवा विझला का? सांगा ना, का नाही विझला?"

हसू थांबलं. माना हलल्या. खरंच की, अठरा होड्या!

प्रश्न चोख होता. उत्तर फक्त सूनबाईंकडे होतं आणि आबा त्यांच्यापासून पाच पावलांवर उभे होते.

सूनबाई होडीत उतरल्या. शिक्का टरकन फाडला, बोर्ड पुढे ओढला आणि डोलकाठीवरच्या दिव्याचं बटण दाबलं. वर दिवा लागला.

"पाहा!" बाबा ओरडले.

"एका दिव्याचं काय घेऊन बसलात? पोरी, वायरलेस लाव. आता पाणी उपसायचा पंप लाव."

लेकीनं बटणं दाबली. पंप कण्हला, अडखळला आणि बंद पडला. वरचा दिवा विझायला आलेल्या विडीसारखा तांबूस झाला. सूनबाईंनी बॅटरीकडून येणारी जाड वायर दोन बोटांत धरून हलकेच ओढली. टेपसकट ती हातात आली.

त्या वर आल्या आणि वायरीचं टोक त्यांनी सगळ्यांपुढे धरलं. "हिच्या आत बारीक तारांचा झुबका असतो. तो सगळाच्या सगळा या पितळी टोपीत दाबून बसवायचा असतो. इथे तीनच तारा बसल्यात. तीन तारांवर दिवा लागतो, मीटरसुद्धा खूश होतं. भार पडला की मग खरं काय ते कळतं. होडीत पाणी शिरल्यावर, मध्यसमुद्रात हे कळून काय उपयोग?"

डॉक्टरांनी स्वतःच्या होडीकडे असं पाहिलं, जणू तिचा एक्स-रे आत्ताच हातात पडला होता.

"जोड ओढून बघा," सूनबाई म्हणाल्या. "त्याला मंत्र लागत नाही, शिक्षण लागत नाही. आणि जो म्हणेल की माझं काम उघडून बघू नका, त्याचंच काम आधी उघडा. मग तो कोणीही असो."

करंटबाबा एव्हाना गमबूट फताफता वाजवत फाटकापर्यंत पोहोचले होते. कोणी त्यांच्या मागे गेलं नाही. सगळ्यांना त्यांच्याहून अवघड काहीतरी समोर दिसत होतं.

"पण आई," लेकीनं विचारलं, "मग त्या अठरा होड्या कशा काय नीट राहिल्या? आणि हा जोड असा का झाला?"

मुकादम ढगांकडे बघायला लागला. रंगाऱ्याला आपल्या नखातला रंग फार महत्त्वाचा वाटायला लागला. पन्नास माणसं उभी होती आणि एकाचीही नजर आबांकडे जात नव्हती. सूनबाईंनी तोंड उघडलं. भल्या मोठ्या गर्दीपुढे विवेकाचा धडा देऊन झाल्यावर त्यांच्या तोंडून बाहेर पडलं ते हे, "दमट हवेनं गं. टेप सुटते ना..."

"टेप नाही सुटली."

आबा पुढे आले. चाचपडत त्यांनी सुनेच्या हातातली वायर घेतली आणि टोपीवरून अंगठा फिरवला.

"मी टोपीला पकडीनं दोन दाब देतो. सूनबाई तीन देते. त्या अठराही होड्यांमध्ये दुपारनंतर मी हात घालून बघत आलोय. प्रत्येकीत कुठे ना कुठे हाताला तीन लागायचे." त्यांनी टोपी पुन्हा एकदा चाचपली. "मीही गप्पच बसलो. मला वाटायचं, ही बोलेपर्यंत आपण वायरमन आहोत."

"आबा, राहू द्या ना," सूनबाई म्हणाल्या.

"नाही, पोर समुद्रात जायचीय." आबांनी वायर नातीच्या हातात दिली. "हा जोड माझा आहे. आईकडून नवा करून घे. मला दिसत नाही आता."