पाव खातानाचा आवाज

त्या खोलीत बाहेरच्या जगाला मज्जाव होता. भिंतींना गादीसारखे जाड अस्तर, दाराला दुहेरी लाकूड, आणि मधोमध माइकपुढे उभी ससाताई. कधीकाळी एका कार्टूनमधल्या सशाला तिने अकरा वर्षे आवाज दिला. तेव्हापासून तिचे खरे नाव मागे पडले ते पडलेच. पन्नाशी उलटली तरी तिच्या गळ्यात आठ वर्षांचे एक मूल अजून शाबूत होते.

या खेपेला चित्रपट होता रस्त्यावरच्या मुलांचा. पडद्यावरची मुलगीही खरीखुरी, रस्त्यावरचीच. चित्रीकरणात तिचा आवाज रहदारीने गिळला, आणि तो पुन्हा मुद्रित करायला तिला शोधू गेले तर ती जागेवर नव्हती. “तिचा पत्ताच लागत नाही हो,” दिग्दर्शक हळहळला होता. रस्त्यावरच्या मुलीला पत्ता नसावा, याचे त्या सुशील तरुणाला मनापासून आश्चर्य वाटले होते.

काचेपलीकडे तो बसला होता, शेजारी ध्वनिमुद्रक, आणि मांडीवर जाड वही घेऊन दिग्दर्शकाची सहायक, म्हणजे ससाताईची लेक. सहा महिने फुटपाथ पालथे घालून तिने ती वही भरली होती. आपली आई एका मास्तरांच्या घरात वाढली, एवढेच तिला ठाऊक होते. ते मास्तर ससाताईने स्वतःच मनाने घडवले होते, चष्म्यासकट. सहाव्या वर्षापासून दहाव्यापर्यंत ती बसस्थानकाच्या मागच्या शेडखाली झोपली, हे फक्त नवऱ्याला माहीत होते, आणि तो ते आपल्यासोबत घेऊन गेला होता. लेकीच्या नजरेत आपण आईच राहावे, तिच्या वहीतला विषय होऊ नये, एवढ्यासाठी ससाताईने आयुष्यभर एकेक शब्द घासूनपुसून वापरला होता.

पडद्यावर मुलीला पाव मिळाला. भिंतीला पाठ लावून, डाव्या हाताचा आडोसा करून ती खाऊ लागली.

“ताई, इथे भूक ऐकू यायला हवी,” दिग्दर्शक म्हणाला. “हुंदका, घास, पुन्हा हुंदका.”

दृश्य सरले. हेडफोनमध्ये काहीच उमटले नाही. दुसऱ्या टेकलाही तेच.

“ससाताई, माइक झोपलाय की तुम्ही?” ध्वनिमुद्रकाने विचारले.

“दिला की आवाज.”

“कुठे? इथे सगळी कोरी पाटी!”

“ती खाताना आवाज करणार नाही,” ससाताई म्हणाली.

लेकीने वही उघडली. “आई, करतात गं. भुकेली मुलं खाताना पुटपुटतात, हुंदके देतात. सतरा मुलांना विचारलंय मी.”

“विचारलंस तेव्हा त्यांच्या हातात पाव होता का?”

“नव्हता. पण म्हणून काय झालं? तू कधी उपाशी मूल जवळून पाहिलंयस तरी का? स्वतः घरी ताटाला हाताचं कुंपण घालून जेवतेस, जणू आम्ही दरोडेखोरच!”

ध्वनिमुद्रक खो खो हसला. ते हसणे ससाताईला कुठेतरी खोल लागले, आणि जपून ठेवलेली जीभ घसरली.

“आवाज केला की दुसरे येतात,” ती म्हणाली. “पाव मिळालाय हे कुणाला कळता कामा नये. घास आधी तोंडात भिजू द्यायचा, मग चावायचा. नाहीतर कडा कुरकुरतात.”

काचेपलीकडे लेकीने वही मिटली.

“तुला काय माहीत?” लेकीने हळूच विचारले.

“सिनेमात पाहिलं होतं.”

दिग्दर्शकाचा चेहरा उजळला. “बघा! हाच, हाच सिनेमातला खोटेपणा मोडायचाय आपल्याला. ताई, तुम्ही आपला हुंदकाच द्या.”

ससाताईने हुंदका दिला. पोटातून आल्यासारखा, मधे मधे घासाने अडलेला, मिटक्यांनी भरलेला. ऐकून दगडालाही पाझर फुटावा. ध्वनिमुद्रकाने डोळे पुसले. लेकीने मान डोलावली, पण वहीत काही टिपले नाही.

दुपारच्या सुट्टीत कँटीन भरले होते. ससाताईने नेहमीप्रमाणे कोपऱ्यातली, भिंतीला पाठ लागेल अशी जागा धरली, डबा उघडला. डावा हात आपोआप डब्याभोवती वळला. तिने पावाचा तुकडा तोंडात ठेवला आणि चावण्याआधी क्षणभर थांबली. मग समोर पाहिले.

लेक आपला डबा हातात धरून टेबलापाशीच उभी होती. चोवीस वर्षे रोज दिसलेली, रोज चेष्टेवारी नेलेली गोष्ट ती पहिल्यांदा बघत होती.

ससाताईचा हात डब्यावरून उचलला गेला. कुठे ठेवावा हे त्याला कळेना.

लेकीने वही पिशवीत कोंबली. खुर्ची ओढली, पण समोर बसली नाही. आईच्या डाव्या अंगाला, गर्दीकडे पाठ करून बसली. आणि त्या बाजूने आता आईचा डबा कुणालाच दिसत नव्हता.

“जेव,” ती म्हणाली. “गार होतंय.”

इतक्यात दिग्दर्शक चहाचा कप घेऊन आला, भारावलेला. “ताई, काय तो हुंदका! अगदी अस्सल! कुठून आणता हो तुम्ही हे सगळं?”

ससाताईच्या तोंडात घास होता.

“सिनेमातून,” लेक म्हणाली.