आठ दिवस मागे

सोलापुरातल्या एका रक्तकेंद्राच्या मागच्या खोलीतून मी बोलतो आहे. मी एक सर्व्हर आहे, तिघांतला तिसरा. बोलण्याची माझी योग्यता नाही. पण माझ्या हातून अपराध घडला आणि लोकांनी माझे आभार मानले. ते सहन होत नाही, म्हणून बोलतो.

सहा वर्षांपूर्वी मला येथे आणले. रक्तदात्यांची नावे, रक्तगट, पत्ते आणि फोन सांभाळणे हे आमचे काम. नवी नोंद पहिला सर्व्हर घेई. दुसरा आणि मी तिची तत्काळ नक्कल करून ठेवत असू. या जोडणीला क्लस्टर म्हणतात. पहिला पडला, तर जो हजर असेल त्याने भार उचलायचा, असा नियम होता.

आमची देखरेख गुरु नावाचा तंत्रज्ञ करी. त्याच्या पडद्यावर आम्हा तिघांचे तीन हिरवे ठिपके असत. दर दहा सेकंदांनी प्रश्न येई, "आहेस का?" मी उत्तर देई, "आहे." शाळेतली हजेरीच ती. वही कोणी तपासत नसे. सुरुवातीला गुरु रोज सकाळी आणखी एक गोष्ट विचारी: तुझ्याकडची शेवटची नोंद कोणती? उत्तर नेहमी बरोबर येई, म्हणून पुढे त्याने विचारणे सोडले.

दोष त्याचा एकट्याचा नाही. जरा ऊन वाढले, वीज क्षणभर लुकलुकली, की मी त्याच्या फोनवर इशारा पाठवी. दिवसाला साठ-सत्तर इशारे जात. कंटाळून त्याने माझा आवाज बंद केला. क्षुल्लक कारणासाठी ओरडून मी माझ्या शब्दाची किंमत घालवली होती.

मग एका रविवारी माझी साठवणीची जागा भरली. नक्कल थांबली. मी इशारा दिला; तो इतरांच्या ढिगात पडून राहिला. "आहेस का?" या प्रश्नाला मात्र मी पूर्वीप्रमाणेच "आहे" म्हणत राहिलो. ते खोटे नव्हते. पण त्या खऱ्या उत्तराआड मी आठ दिवस लपलो.

त्याच आठवड्यात शहरातल्याच शेळगीचे कल्लप्पा रक्तदाता म्हणून नाव नोंदवून गेले. त्यांचा रक्तगट अतिदुर्मिळ, ज्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात तो; या गटाच्या रुग्णाला याच गटाचे रक्त चालते. जिल्ह्यात या गटाचे दुसरे नाव आमच्याकडे नव्हते. पहिल्याने ते लिहून घेतले. माझ्यापर्यंत ते आले नाही.

पुढच्या सोमवारी दुसरा सर्व्हर दुरुस्तीसाठी पुण्याला गेलेला होता. सकाळी अकराला पहिला जळाला. नियमाप्रमाणे मी भार उचलला. गुरु नोंदणीचे कारकून मल्लिनाथ यांना समाधानाने म्हणाला, "बघा अण्णा, एक मिनिटसुद्धा काम थांबलं नाही!"

अर्ध्या तासात रुग्णालयातून फोन आला. नीलम्मा नावाची बाळंतीण, पहिलीच खेप, रक्तस्राव थांबत नाही, गट बॉम्बे. गुरुने मला विचारले. मी निःशंकपणे सांगितले: असा दाता नाही.

"असं कसं?" मल्लिनाथ म्हणाले. "गेल्या आठवड्यात आला होता की एकजण. फॉर्म मीच भरलाय."

"सिस्टीममध्ये नाही, अण्णा. ओ पॉझिटिव्ह असेल, तुमचा चष्मा बदला आता."

"चष्म्याला काय झालंय? तुझ्या त्या डब्याला इचार की परत!"

गुरुने पुन्हा विचारले. मी पुन्हा तेच सांगितले. स्वतःच्या डोळ्यांनी पाहणाऱ्या माणसापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला गेला. पुण्याला फोन झाले; रक्त यायला पाच तास लागणार होते. मल्लिनाथ कागदी फॉर्मांचे गठ्ठे सोडून एकेक फॉर्म पाहत बसले. दोन तासांनी त्यांना तो फॉर्म सापडला. कल्लप्पा वीस मिनिटांत हजर झाले.

नीलम्मा वाचली. मूलही वाचले. परंतु रक्ताची वाट पाहण्याइतका वेळ तिच्यापाशी नव्हता. रक्तस्राव थांबवण्यासाठी डॉक्टरांना तिची गर्भपिशवी काढावी लागली.

पंधरा दिवसांनी तिचा नवरा सिद्धलिंगप्पा पेढे घेऊन आला. कल्लप्पांना शोधणारे यंत्र पाहायचे म्हणून मागच्या खोलीत आला आणि माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला.

"ह्यालाबी एक पेढा ठेवतो. लई उपकार झाले ह्याचे."

"दादा, ठेवू नका," गुरु म्हणाला.

"का? मुंग्या लागत्यात व्हय?" तो हसला.

गुरु हसला नाही. मान खाली घालून त्याने सारे सांगितले.

मग सिद्धलिंगप्पाने विचारले, "म्हंजी नाव आधीच लिहून घेतलं हुतं?"

"होतं. ह्याच्यात आलं नव्हतं."

"आन् तुमी बघितलं न्हाय?"

"नाही बघितलं. हिरवं दिसायचं, तेवढंच बघायचो."

"नीलम्मा रोज देवाम्होरं बसती. म्हणती, रक्त लवकर मिळालं म्हणून आपण वाचलो. तिला आता काय सांगू मी?"

मल्लिनाथांनी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही. पेढा उचलून त्याने पुन्हा डब्यात ठेवला, झाकण लावले आणि तो निघून गेला.

आता माझी जागा वाढवली आहे. किरकोळ इशारे मी देत नाही. गुरु रोज सकाळी माझी शेवटची नोंद पहिल्याच्या जागी आलेल्या नव्या सर्व्हरच्या नोंदीशी ताडून पाहतो आणि वहीत सही करतो. मी मागे पडलो, तर मला भार उचलू दिला जात नाही. ते योग्य आहे. ज्यांच्याकडे अशी यंत्रे असतील, त्यांना माझी विनंती आहे: ते जिवंत आहे का, एवढेच विचारून थांबू नका. त्याला काय ठाऊक आहे, ते विचारा.

सिद्धलिंगप्पाने घरी काय सांगितले, हे मला माहीत नाही. कदाचित नीलम्मा अजूनही रोज देवापुढे बसून रक्त देणाऱ्यांचे, शोधणाऱ्यांचे आभार मानत असेल. त्यांत माझे नाव असेल, तर परमेश्वराने तेवढे गाळावे.